दाबून फिरवा

"झाकणावर सगळं लिहिलेलं आहे. वाचायचं आणि उघडायचं. आम्ही काही सांगणार नाही," असं म्हणून जमदाडेने हातातलं घड्याळ सुरू केलं आणि वृद्धाश्रमाच्या त्या लांबट खोलीत चहूकडून टक् टक् टक् असा आवाज यायला लागला.

तो आवाज आमच्या झाकणाचा होता. मी तेव्हा भोसरीला झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीत होते. पाण्याच्या बाटलीचं कडी तुटणारं झाकण, शाम्पूचं एका बोटाने उघडणारं, तेलाचं, लोणच्याच्या बरणीचं, सगळी आम्ही करायचो. त्या वर्षी औषधाच्या बाटलीसाठी नवीन झाकण केलं होतं. एकात एक अशी दोन झाकणं. नुसतं फिरवलं तर बाहेरचं टकटक करत गोल फिरतं, उघडत नाही. तळव्याने खाली दाबून फिरवलं तरच आतल्याला पकडतं आणि निघतं. हेतू असा की घरात लहान मुलाच्या हाती बाटली लागली तरी त्याच्या पोटात गोळ्या जाऊ नयेत. पण अशा झाकणाची परीक्षा दोन्हीकडून घ्यावी लागते. पोरांना उघडता कामा नये आणि म्हाताऱ्यांना उघडता आलं पाहिजे. पोरांची परीक्षा एका बालवाडीत झाली होती. त्यांनी बाटल्या आपटल्या, चावल्या, एकाने तर बाटलीवर बसूनही पाहिलं, झाकण हललं नाही. आम्ही खूश होतो. आता म्हाताऱ्यांची पाळी होती, म्हणून जमदाडे आणि मी वडगावजवळच्या या आश्रमात आलो होतो.

बायका भिंतीकडेने ओळीने खुर्च्यांवर बसल्या होत्या. एकीने वाचलंच नाही, सरळ पदरात धरून पिळलं. दुसरी म्हणाली, "माझी सून असली तर उघडेल बाई. तिला सगळं उघडतं, माझी ट्रंकसुद्धा." सगळ्या हसल्या. मी कडेकडेने बघत चालले होते. कुणाचा हात कुठे घसरतो, कोण चिडतं, कोण लगेच सोडून देतं. माझं कामच ते होतं. मी हातांकडे बघत होते, चेहऱ्यांकडे नाही.

शेवटच्या खुर्चीवरच्या बाईने बाटली मांडीवर आडवी धरली होती. बोटं सांध्यांवर सुजलेली, करंगळ्या बाहेर वळलेल्या. उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला एक जुना काळपट वण होता. तो वण मी लहानपणी हजारदा बघितला होता. शिवणयंत्राची सुई बोटातून आरपार गेली होती, त्याचा तो.

मी वर बघितलं. गोदाआत्या होती.

तिने मला माझ्याआधीच ओळखलं असणार, कारण तिचा चेहरा तयार होता. तिने बाटली माझ्यापुढे धरली आणि अगदी परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "ताई, हे इकडून फिरवायचं की तिकडून?"

माझा हात पुढे झाला. जमदाडे पलीकडून म्हणाला, "मॅडम, सांगायचं नाही हं."

"बरं, नका सांगू," आत्या म्हणाली. "माझं मी बघते."

तिने तळवा ठेवला, दाबला. टक् टक् टक्. पुन्हा दाबला. ओठ आवळले. टक् टक्. बाटली मांडीवरून घसरली. जमदाडेने ती उचलून पुन्हा तिच्या हातात दिली. वेळ संपेपर्यंत ती दाबत राहिली. मग तिने बाटली खाली ठेवली आणि शेजारणीला म्हणाली, "चिवट आहे मेलं."

माझी आई मी पहिलीत असताना गेली. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कऱ्हाडच्या साखर कारखान्यात टाइमकीपरची नोकरी. पाळीची वेळ कधी सकाळची, कधी रात्रीची. मला सांभाळायला घरात कुणी नाही. गोदाआत्या ही त्यांची धाकटी बहीण. लवकर विधवा झालेली. इस्लामपूरला ब्लाउज-परकर शिवून तिने बस्तान बसवलं होतं. नानांनी तिला निरोप धाडला, "थोडे दिवस ये." ती शिवणयंत्र टेम्पोत टाकून आणि अविनाशला, तिच्या मुलाला, हाताशी धरून आली. ते थोडे दिवस माझ्या लग्नानंतरही पुरले. माझी वेणी, माझा डबा, माझा ताप, माझी पाळी, माझं इंजिनिअरिंगचं खूळ, सगळं तिने निभावलं. माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी अवीला बंगळूरला चांगली नोकरी लागली आणि आत्या त्याच्याकडे गेली. आम्ही तिला ओटी भरून, रडून निरोप दिला होता. त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं. बाल्कनीतून झाडं दिसतात, नातू कानडी बोलतो, सून ऑफिसला जाते, हवा फार छान आहे. गेल्या दिवाळीलाही हेच. मी म्हणायचे, नशीब काढलंस हो आत्या.

परीक्षा आटोपली. जमदाडे बाटल्या खोक्यात भरायला लागला तशी मी मागच्या अंगणात गेले. तिथे दोऱ्यांवर पातळं वाळत होती. आत्या तिथेच उभी होती, माझी वाट बघत.

"मला ताई म्हणालीस तू?"

"मग काय म्हणू? सगळ्यांदेखत गळ्यात पडू? तू कामावर आली होतीस." तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "वाळलीस गं."

"केव्हापासून आहेस इथे?"

"झाले की दिवस. दुसरी दिवाळी येईल आता."

"आणि बंगळूर?"

"होते ना तिथे. सगळंच काही खोटं नाही बोलले."

"अवीने आणून टाकलं तुला?"

"टाकलं काय म्हणतेस! जेवण चांगलं असतं इथलं. आठवड्याला डॉक्टर येतो."

"आत्या, मी काय विचारतेय?"

ती वाळत घातलेल्या एका पातळाची चूण उगाचच सरळ करायला लागली. मग म्हणाली, "अवीला काय बोलायचं ते बोल. माझा मुलगा आहे, ऐकून घेईल. पण दादापर्यंत हे नेऊ नकोस. तू मला भेटलीस, हे त्याला कळता कामा नये. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

दादा म्हणजे नाना. आयुष्यभर ती त्यांना दादाच म्हणायची. मला वाटलं, म्हाताऱ्या भावाच्या जिवाला घोर नको म्हणून म्हणते आहे. मी मान हलवली.

परत येताना गाडीत जमदाडे खुशीत होता. "पास झालं मॅडम. ती शेवटची आजी आणि आणखी एक-दोघी सोडल्या तर सगळ्यांनी उघडलं."

"आणि त्या राहिलेल्यांचं काय?"

"तेवढ्या चालतात. नियमातच सवलत आहे की." तो चूक बोलत नव्हता. ती सवलत मलाही पाठ होती. पुढे ते झाकण फार खपलं.

घरी पोचले ती अवीला फोन लावला. मनात होतं ते सगळं बोलले. आईच्या जिवावर मोठा झालास, तिच्या शिवणाच्या पैशावर शिकलास, आणि तिला अशा ठिकाणी ठेवून आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतोस? मी थांबले तेव्हा तो म्हणाला, "झालं?"

"लाज वाटत नाही तुला?"

"वाटते. माझ्या बायकोचं आणि आईचं पटलं नाही, त्याची वाटते. पण सुहा, आईला मी घराबाहेर काढलं नाही. तिला इथे करमेना. तिला कऱ्हाडला जायचं होतं. रोज एकच, मला कऱ्हाडला पोचव."

"मग?"

"मग काय? तुला खरंच काही माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"आईलाच विचार," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मला वाटलं, चोर तो चोर वर शिरजोर.

मी उमेशला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात? मागची खोली रिकामीच आहे. घेऊन येऊ." रविवारी आम्ही निघालो. आत्याला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर ती नको म्हणाली असती. नानांना काय सांगायचं ते नंतर बघू, असं मी मनाशी ठरवलं होतं. वाटेत मी तिच्यासाठी नवीन चादर घेतली, उशी घेतली. पलंग खिडकीशी लावायचा की भिंतीशी, यावर आमचं थोडं वाजलंही. मी खूप दिवसांनी इतकी आनंदात होते.

आश्रमाच्या फाटकातून आत शिरलो तर ओसरीवरच्या बाकावर आत्या बसली होती आणि तिच्या शेजारी नाना.

दोघांच्या मधे बाटल्या मांडलेल्या होत्या. खोबरेल तेलाची, बामची, च्यवनप्राशची, गुडघ्याला चोळायच्या औषधाची. नाना एकेक बाटली उचलत होते, धोतराच्या सोग्यात धरून तिचं झाकण पिळून उघडत होते, आणि मग पुन्हा अगदी अलगद, नुसतं टेकल्यासारखं बसवून बाजूला ठेवत होते. म्हणजे नंतर आत्याच्या बोटांना ते उघडेल. मला प्रथम काही कळलंच नाही. बरंच वाटलं उलट. नानांना पत्ता लागला म्हणायचा, कुणी सांगितलं असेल?

"अरे, नाना!" उमेश म्हणाला.

नानांच्या हातातली बामची बाटली तशीच राहिली. आत्या झटकन उठली. "सुहा? आज कशी गं? फोन नाही, काही नाही."

"नाना, तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

नाना आत्याकडे बघायला लागले. आत्या माझ्याकडे. तेवढ्यात आश्रमाच्या व्यवस्थापक लोंढेबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या आणि थांबल्या. "अगं बाई, मॅडम तुम्ही? हेंद्रेकाका तुमच्या ओळखीचे?"

"माझे वडील आहेत."

"असं होय!" बाई मनापासून हसल्या. "मग त्या दिवशी बोलला नाहीत ते? काकांसारखा भाऊ बघितला नाही हो मी. महिन्याचा दुसरा रविवार चुकवत नाहीत. यांनीच तर आणून सोडलं ना गोदाताईंना. तेव्हापासून एकदाही खाडा नाही."

चहा बाकावर ठेवून त्या आत गेल्या. उमेश माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मी गाडीपाशी आहे."

महिन्याचा दुसरा रविवार. आत्याला आणायच्या गडबडीत आज तोच आहे हे माझ्या ध्यानातून गेलं होतं. त्या रविवारी पुण्यात पेन्शनरांची बैठक असायची. नाना पहाटेच्या एसटीने यायचे आणि संध्याकाळी आमच्याकडे चिंचवडला मुक्काम करायचे. मी त्यांच्यासाठी पुरण घालायची. म्हातारपणी नानांना लेकीची ओढ लागली म्हणून शेजारणींना कौतुकाने सांगायची.

"बैठक नसायचीच," मी म्हणाले.

"नसायची."

"आणि माझ्याकडे यायचात ते..."

"जवळ पडतं इथून," नाना म्हणाले.

आत्या म्हणाली, "दादा, चहा घे, निवतोय."

"तू थांब आत्या. नाना, कऱ्हाडच्या घरात चार खोल्या आहेत. हिला इथे का आणलंत?"

नानांनी बामची बाटली खाली ठेवली. खोटं बोलायचं असतं तर त्यांना सुचलं असतं, पण बहुधा तेही थकले होते. "अवीकडे जमेना हिला. मला फोन केला, दादा, मी परत येते. मी म्हटलं, नको."

"नको?"

"इतकी वर्षं घरात नुसती खडखड होती, सुहा. मशिनची, गिऱ्हाइकांची, तुम्हा पोरांची. तू गेलीस, ही गेली, तेव्हा कुठे घर माझं झालं. सकाळी उठलो की कुणाशी बोलावं लागत नाही. हवं तेव्हा जेवतो. मला ते मोडायचं नव्हतं. चांगली जागा शोधली, स्वतः येऊन पोचवली. वाऱ्यावर नाही सोडली."

"तिने तुमच्यासाठी इस्लामपूर सोडलं. माझ्यासाठी सोडलं. तुम्ही बोलावलंत तिला."

"बोलावलं ना," नाना वैतागून म्हणाले. "ते काम झालं की आता."

त्यांना तसं म्हणायचं नसेलही. पण ते बोलले, आणि आत्या त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेली होती. तिने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही, म्हणजे तिने ते आधीही ऐकलेलं होतं. तिने बाकाखालची पिशवी ओढली आणि म्हणाली, "केळी निम्मी परत ने दादा. मला इतकी संपत नाहीत, काळी पडतात."

"तुम्ही माणूस आहात का?" मी ओरडले. आतून दोन-तीन म्हाताऱ्या डोकावल्या. "बहीण आहे ती तुमची, मोलकरीण नव्हे. आणि वर मला पुरण घालायला लावता! पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नका."

नाना उठले. टोपी घातली. केळ्यांची पिशवी न घेताच पायऱ्या उतरले आणि फाटकाकडे चालायला लागले. उमेशने त्यांना काहीतरी विचारलं, बहुतेक गाडीने सोडू का म्हणून. त्यांनी नुसता हात हलवला.

मी पुढे होऊन आत्याचा हात धरला. "चल. सामान भर. मी तुला न्यायला आलेय."

आत्याने हात सोडवून घेतला. तिला मी त्याआधी कधी माझ्यावर इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"शपथ घातली होती ना तुला?"

"मी त्यांना काही सांगितलं नाही. ते इथे असतील हे मला काय ठाऊक?"

"न कळवता कशाला आलीस?" ती खाली बसली. "आता तो यायचा नाही."

"नको येऊ देत! असला भाऊ हवाय कशाला तुला?"

"तुला नको असेल. मला हवाय." तिने एकेक बाटली उचलून पिशवीत ठेवायला सुरुवात केली. "अगं, मला का माहीत नाही तो कसा आहे ते? लहानपणापासून तसाच आहे. पण महिन्यातून एक दिवस तो येत होता, दिवसभर बसत होता. आईच्या गोष्टी निघायच्या, शाळेच्या निघायच्या. माझ्याशी ते बोलणारं दुसरं कोण उरलंय? तुझ्यासमोर त्याला मान वर करता येत होती म्हणून त्याला माझ्यासमोरही येता येत होतं. तू बघितलंस. आता कसा येईल तो?"

"येतील. आणि नाही आले तर मी आहे ना. माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे आले तर संपलंच. तुझ्या दारात तर तू त्याला येऊच नको म्हणालीस."

मी पुष्कळ समजावलं. उमेशने समजावलं. ती जागची हलली नाही. चादर आणि उशी मात्र तिने ठेवून घेतली, माझं मन मोडू नये म्हणून.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती सकाळपासून ओसरीवर बसली होती, हे मला लोंढेबाईंनी सांगितलं. नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी राग गिळून कऱ्हाडला फोन केला. म्हटलं, "आत्या वाट बघते." नाना म्हणाले, "गुडघे धरलेत माझे. एसटीत चढवत नाही." मी म्हटलं, गाडी पाठवते. ते म्हणाले, "बघू." उमेश एकदा स्वतः गाडी घेऊन गेला, तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, आत्ता तर होते घरात.

मी दर आठवड्याला जायची. तिच्या बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवायची. ती म्हणायची, "तू फारच सैल करतेस गं, तेल सांडतं." मग मी पुन्हा थोडी आवळायची. आम्ही बोलायचो, माझ्या मुलाचं, माझ्या कामाचं. ती ऐकायची, हसायची. पण फाटक वाजलं की तिचं वाक्य अर्ध्यावर राहायचं.

पौषात तिला न्यूमोनिया झाला. तळेगावच्या दवाखान्यात ठेवलं. अवी बंगळूरहून आला. तो पायाशी बसायचा, मी उशाशी. तिची शुद्ध येऊन-जाऊन होती. अवीला तिने ओळखलं, मलाही ओळखलं, पण आमच्याशी तिचं काही बोलणं नव्हतं. ती दादाशी बोलत होती. दादा, विहिरीवर एकटा जाऊ नकोस. दादा, आईने तुझ्यासाठी भाकरी झाकून ठेवलीय. मधेच डोळे उघडायची आणि मला विचारायची, "आज रविवार का गं?" मी नाही म्हटलं की तिला बरं वाटायचं. रविवार गेला नाही अजून, असं तिला वाटायचं. अवीने नानांना फोन लावून तो तिच्या कानाशी धरला. पलीकडून नानांचा नुसता श्वास ऐकू येत होता. ती गुरुवारी दुपारी गेली.

नाना स्मशानात आले. कऱ्हाडहून एसटीने, एकटेच, गुडघ्यांचं काही दिसलं नाही. कोपऱ्यात उभे राहिले. अवीने अग्नी दिला आणि तो ढसाढसा रडला. लोक पांगायला लागले तेव्हा नाना माझ्याजवळ आले. पुष्कळ खंगले होते. त्या दिवसानंतर आम्ही समोरासमोर प्रथमच उभे होतो.

"सुहा," ते म्हणाले. "शेवटी... माझ्याबद्दल काही म्हणाली का गोदी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."